बल्ब बदलण्याआधी अर्थ तपासा

मारुती ८०० चं उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबलं, प्रीमियर पद्मिनीचं तर त्याच्या कितीतरी आधी. तरीही या गाड्या हौसेनं सांभाळणारी माणसं आहेत. इंजिनाची निगा असते, रंग चकचकीत असतो. पण रात्री हेडलाईट लावले की उजेड पिवळट, मिणमिणता. मालक बल्ब बदलतो, फरक पडत नाही. मग कोणीतरी ६०/५५ वॅटच्या जागी १००/९० वॅटचा बल्ब सुचवतं. मूळ बिघाड तसाच राहतो आणि जुन्या स्विचवर जादा भार पडून तो तापू लागतो.

बॅटरीतून निघालेला करंट फ्यूज, स्विच, वायर, होल्डर असा बल्बपर्यंत जातो आणि गाडीच्या पत्र्यातून बॅटरीच्या निगेटिव्हकडे परततो. या परतीच्या वाटेला गॅरेजमध्ये ‘अर्थ’ म्हणतात. जुन्या गाडीत आधी संशय घ्यावा तो हिच्यावर. अर्थची वायर एका स्क्रूनं पत्र्याला आवळलेली असते. त्या स्क्रूखाली गंज धरतो, नाहीतर डेंटिंग-पेंटिंगनंतर रंगाचा थर राहून जातो. कोकणातल्या खाऱ्या हवेत आणि पावसात तर तांब्यावर हिरवा कीट चढायला वेळ लागत नाही.

अडथळा किती लहान असला तरी पुरतो, ते पाहा. अप्परला दोन्ही बल्ब मिळून १२० वॅट, म्हणजे साधारण १० अँपिअर. दोघांच्या सामाईक वाटेत ०.१ ओहमचा रोध आला, तर जवळपास १ व्होल्ट तिथेच खर्ची पडतो. हॅलोजनचा उजेड मात्र व्होल्टेजपेक्षा फार वेगानं घसरतो. व्होल्टेज १० टक्के कमी झालं की उजेड सुमारे ३० टक्के जातो.

आता तपासणी. होल्डर सुटा करून मल्टिमीटर लावला की १२ व्होल्ट दिसतात आणि ‘सप्लाय बरोबर आहे’ असं ठरवलं जातं. हा आकडा फसवा आहे. मीटरला नाममात्र करंट लागतो. आतून तुटून एकच तार उरलेली वायरही तेवढा पुरवते. म्हणून दिवा चालू ठेवूनच मोजायचं. मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा. काळी प्रोब बॅटरीच्या निगेटिव्हवर, लाल प्रोब होल्डरच्या मागे अर्थच्या पिनवर. ०.२ व्होल्टच्या वर आकडा गेला, तर अर्थ खराब. मग बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून होल्डरच्या पेटत्या पिनपर्यंत तसंच मोजा. इथे अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं, तर वाटेतला एकेक जोड मोजत जायचं.

अर्थ दुरुस्त करायला खर्च जवळजवळ नाही. बॅटरीची केबल काढा, स्क्रू सोडवा, पत्रा उघडा पडेपर्यंत पॉलिश पेपरनं घासा, नवी थिंबल लावून घट्ट आवळा आणि वरून ग्रीस फासा.

मागच्या दिव्यांत हाच दोष वेगळ्या रूपात येतो. ब्रेक दाबला की इंडिकेटर मंद पेटतो, किंवा पार्किंग लाईट विझते. २१/५ वॅटच्या बल्बमधल्या दोन्ही फिलामेंटचा अर्थ एकच असतो. तो तुटला की करंट शेजारच्या फिलामेंटमधून परतीची वाट काढतो. इंडिकेटर भराभर लुकलुकला, तर मात्र त्या बाजूचा एखादा बल्ब गेलेला असण्याची शक्यता अधिक. गाडी उभी असताना सगळेच दिवे मंद आणि रेस दिली की तेज होत असतील, तर पट्टा, डायनॅमो किंवा अल्टरनेटर आणि बॅटरी पाहावी. अल्टरनेटर असलेल्या गाडीत चालू इंजिनावर बॅटरीला १३.८ ते १४.४ व्होल्ट मिळायला हवेत. १५ च्या वर गेले, तर बल्ब वारंवार उडत राहतात.

अर्थ सुधारूनही पॉझिटिव्हच्या बाजूला घट दिसली, तर हेडलाईटला रिले बसवून घ्यावा. मग स्विचमधून रिलेच्या कॉइलपुरता किरकोळ करंट जातो आणि बल्बला बॅटरीवरून जाड वायरनं थेट पुरवठा होतो. त्या वायरला बॅटरीजवळच फ्यूज हवा. फ्यूज सारखा उडतो म्हणून मोठा फ्यूज किंवा तारेचा तुकडा घालणं हे गाडीला आग लावणारं काम आहे, ते कोणालाही करू देऊ नका.

पावसाळ्याआधी गाडी वायरमनकडे न्याल, तेव्हा नवा बल्ब मागू नका. दिवा चालू ठेवून अर्थ मोजून दाखवायला सांगा.