संशोधक विद्यार्थी कोणाचा?

1917 च्या उन्हाळ्यात बाबासाहेब आंबेडकरांना लंडनमधले शिक्षण अर्धवट टाकून भारतात परतावे लागले. अभ्यासात कुठे उणे पडले होते असे नाही. कोलंबिया विद्यापीठातले काम आटोपून ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले होते आणि पुढचा अभ्यास सुरू होता. संपली होती ती बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत. पुन्हा लंडन गाठायला 1920 साल उजाडले, तेही सिडनहॅम कॉलेजातल्या नोकरीतून साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राने दिलेली उसनवारी यांच्या बळावर. डी.एस्सी. हाती आली 1923 मध्ये. महाराष्ट्राने ही हकिगत जिद्दीची कथा म्हणून पिढ्यान्‌पिढ्या सांगितली आणि ती तशी आहेच. पण तिच्यातला दुसरा अर्थ आपण फारसा मनावर घेतला नाही. एवढ्या कुवतीच्या माणसाचे संशोधनसुद्धा पाठीमागची तजवीज संपली की मध्येच तुटते. शंभर वर्षांनंतर आपल्या विद्यापीठांत पीएचडी करणाऱ्या मुलामुलींची कामे रेंगाळतात, तेव्हा त्यामागची कितीतरी कारणे संशोधनाच्या बाहेरचीच असतात.

हा प्रश्न आता मूठभरांचा राहिलेला नाही. केंद्र सरकारच्या उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार 2014-15 मध्ये देशात पीएचडीचे 1.17 लाख विद्यार्थी होते; 2021-22 मध्ये ते 2.12 लाख झाले. त्यांत घरातली पहिली पदवीधर पिढीही आहे, लग्नानंतर अभ्यासाकडे वळलेल्या स्त्रिया आहेत, तासिका तत्त्वावर शिकवत शिकवत प्रबंध लिहिणारे शिक्षक आहेत. अशा विद्यार्थ्याचे विद्यापीठाशी नाते किती टेबलांवर विभागलेले असते ते पाहा. नोंदणी आणि सिनॉप्सिस पीएचडी विभागाकडे, कोर्सवर्क संशोधन केंद्राकडे, खोली वसतिगृहप्रमुखाकडे, फेलोशिपचे कागद शिष्यवृत्ती कक्षाकडे आणि पैसे वित्त विभागाकडे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम 2016 मध्ये विद्यार्थी विकास मंडळ आहे आणि संशोधन मंडळही आहे. पण पहिल्याच्या डोळ्यांसमोर प्रामुख्याने पदवीचा विद्यार्थी असतो आणि दुसऱ्याच्या डोळ्यांसमोर प्रकल्प व निधी. संशोधक विद्यार्थी या दोन्हींच्या मधल्या फटीत पडतो. माझे म्हणणे एवढेच आहे की नोंदणीपासून व्हायवापर्यंत त्याच्या सगळ्या वाटचालीची जबाबदारी विद्यापीठातल्या एका नेमक्या कार्यालयावर असली पाहिजे आणि त्या कार्यालयाला त्याबद्दल जाब विचारता आला पाहिजे. आजचे बरेचसे दुखणे या एका उणिवेतून आलेले आहे.

पैशापासूनच सुरुवात करू, कारण तिथे हे सर्वांत स्पष्ट दिसते. नेट परीक्षेतून जेआरएफ मिळवणाऱ्या विद्यार्थ्याला 1 जानेवारी 2023 पासून पहिली दोन वर्षे दरमहा 37,000 रुपये आणि पुढे 42,000 रुपये मिळतात. आकडा वाईट नाही. पण ही रक्कम आपोआप खात्यात येत नाही. विद्यापीठातल्या एका कर्मचाऱ्याने दरमहा विद्यार्थ्याची नोंद पोर्टलवर भरायची, दुसऱ्याने ती तपासून पुढे पाठवायची, तेव्हा पैसे निघतात. त्यांतला एक रजेवर गेला किंवा त्याची बदली झाली की विद्यार्थ्याचा महिना कोरडा जातो. दोन वर्षांनंतर वरच्या दराला जाण्यासाठी समिती बसावी लागते, तिच्यावर बाहेरचा तज्ज्ञ लागतो. समितीची तारीख लांबली की वाढही लांबते. ज्यांच्याकडे जेआरएफ नाही त्यांची अवस्था याहून बिकट. केंद्रीय विद्यापीठांत नेटशिवाय पीएचडी करणाऱ्यांना दरमहा 8,000 रुपये मिळतात. ही योजनाच बंद करण्याच्या निर्णयाविरुद्ध ऑक्टोबर 2015 मध्ये दिल्लीत विद्यार्थी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दारात बसले होते. महाराष्ट्रात बार्टी, सारथी आणि महाज्योती या संस्थांच्या अधिछात्रवृत्तींनी हजारो घरांना संशोधनाचा दरवाजा उघडून दिला, हे मोठे काम आहे आणि ते मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. पण याच अधिछात्रवृत्तींसाठी पीएचडीला आधीच नोंदणी झालेल्या विद्यार्थ्यांची 24 डिसेंबर 2023 रोजी चाळणी परीक्षा घेतली गेली, तिची प्रश्नपत्रिका 2019 च्या सेट परीक्षेचीच असल्याचे परीक्षार्थींनी दाखवून दिले आणि 10 जानेवारी 2024 ला परीक्षा पुन्हा घ्यावी लागली. ज्या काळात ग्रंथालयात किंवा शेताच्या बांधावर माहिती गोळा करायची, तो काळ या मुलांनी आझाद मैदानावर आणि संस्थांच्या दारात काढला. हैदराबाद विद्यापीठातल्या रोहित वेमुलाच्या जानेवारी 2016 मधल्या शेवटच्या पत्रात थकलेल्या सात महिन्यांच्या फेलोशिपचा, एक लाख पंचाहत्तर हजार रुपयांचा हिशेब आहे. त्याच्या मृत्यूची कारणे त्या हिशेबात मावत नाहीत. तरीही ते वाचल्यावर फेलोशिपचा उशीर ही कारकुनी बाब आहे असे म्हणण्याचा अधिकार कोणालाही उरत नाही.

मग पैसे वेळेवर दिले की काम झाले का? याचे उत्तर अमेरिकेतल्या एका मोठ्या प्रयोगाने दिले आहे. मेलन फाउंडेशनने 1991 पासून दहा वर्षे तिथल्या दहा नामांकित विद्यापीठांच्या मानव्यविद्यांच्या 54 विभागांत आठ कोटी डॉलरहून अधिक रक्कम ओतली. पीएचडीची गळती कमी व्हावी आणि प्रबंध लवकर पुरे व्हावेत, हा हेतू होता. 2010 मध्ये त्याचा अभ्यास पुस्तकरूपाने आला, तेव्हा दिसले की सुधारणा झाली खरी, पण खर्चाच्या मानाने ती माफक होती. फरक पडला तो विशेषकरून विभागांनी आपल्या अपेक्षा आधी स्पष्ट केल्या, मार्गदर्शनाची घडी बसवली आणि विद्यार्थ्यांना वेळेत काम संपवायला उद्युक्त केले, त्या ठिकाणी. त्याच देशात विद्यापीठांच्या परिषदेने हजारो विद्यार्थ्यांचा मागोवा घेतला तेव्हा दहा वर्षांनंतरही पदवी मिळवणारे साधारण 57 टक्केच निघाले. अभियांत्रिकीत 64 टक्क्यांच्या आसपास, मानव्यविद्यांत 49. बार्बरा लोविट्स या संशोधिकेने 2001 मधल्या आपल्या पुस्तकात याच्याही पुढचा प्रश्न विचारला: जे सोडून जातात ते कमी हुशार असतात का? तिचे उत्तर नकारार्थी होते. राहणारे आणि जाणारे कुवतीने सारखेच होते. जाणाऱ्यांना पुढची पायरी काय, कोणाला विचारायचे, कोणती गोष्ट केव्हा करायची हे कोणी सांगितलेले नव्हते, आणि ते विभागात एकटे पडले होते. एकेकाला वाटत राहिले की दोष आपलाच. ज्याच्या घरात आधी कोणी एम.ए.सुद्धा केलेले नाही, त्याला आपल्याकडे संशोधन मान्यता समितीपुढे काय बोलायचे, प्रगती अहवालात काय लिहायचे, संदर्भसूची कशी बांधायची हे कोण सांगते? वरच्या वर्गातला एखादा भला विद्यार्थी भेटला तर त्याचे नशीब.

इथे हमखास येणारा आक्षेप असा की हे सगळे गाइडचे काम आहे. मध्ये कार्यालय आणले तर गुरुशिष्याच्या नात्यात फायली घुसतील. आक्षेपात तथ्य आहे. विषयाचे मार्गदर्शन कोणतेही कार्यालय देऊ शकणार नाही आणि चांगल्या गाइडच्या जागी दुसरे काहीही ठेवता येत नाही. पण आपण गाइडवर ज्या गोष्टी लादतो त्यांतल्या निम्म्या त्याच्या हातात नसतात. वसतिगृहाची खोली, घरभाडे भत्ता, प्रसूती रजा ही त्याच्या अखत्यारीतली कामे नव्हेत. शिवाय प्रगती अहवालावर सही करणारा, शिफारसपत्र देणारा आणि पुढे नोकरीच्या वेळी ज्याचा शब्द चालतो तो माणूस एकच असेल, तर त्याच्याविषयीची अडचण विद्यार्थ्याने त्यालाच सांगायची का? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नोव्हेंबर 2022 च्या नियमांना हे कळलेले आहे. प्राध्यापकाकडे एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चार अशी विद्यार्थ्यांची मर्यादा त्यांत आहे. प्रत्येक सत्रात संशोधन सल्लागार समितीपुढे काम मांडायचे आहे. स्त्री संशोधकांना पूर्ण कालावधीत 240 दिवसांपर्यंत प्रसूती व बालसंगोपन रजा आहे, आणि मुदतीत दोन वर्षांची जादा सवलतही. 2023 च्या तक्रार निवारण नियमांनी लोकपालाचीही सोय केली. कागदावर एवढे सारे असताना उणीव आहे ती या सोयी विद्यार्थ्याच्या दारापर्यंत नेणाऱ्या हातांची. आपल्याला अशी रजा आहे हे जिला माहीतच नाही, तिच्यासाठी नियम असून नसल्यासारखा. आणि समितीची बैठक न होताच अहवालावर सह्या झाल्या, तर ते ज्याच्या लक्षात यायला हवे असा माणूस आज विद्यापीठात नेमलेला नाही.

मनाच्या आरोग्याबद्दल थोडे सावधपणे बोलले पाहिजे, कारण त्यावर भाषणे फार होतात. बेल्जियममधल्या फ्लँडर्स प्रांतात 3,659 पीएचडी विद्यार्थ्यांचा अभ्यास 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतल्या जवळपास एकतृतीयांश विद्यार्थ्यांना मानसिक आजाराचा धोका दिसला. ‘नेचर’ने 2019 मध्ये जगभरच्या सहा हजारांहून अधिक संशोधक विद्यार्थ्यांना विचारले, तेव्हा 36 टक्क्यांनी पीएचडीमुळे आलेल्या चिंतेसाठी किंवा नैराश्यासाठी मदत घेतल्याचे सांगितले. सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थांना किमान एक पात्र समुपदेशक नेमण्यास सांगितले आहे. ते हवेच आहे. पण फ्लँडर्सच्या अभ्यासातली खरी शिकवण समुपदेशकाच्या खोलीबाहेरची आहे. ताणाचा संबंध तिथे कामाचा बोजा, घर आणि अभ्यास यांची ओढाताण, मार्गदर्शकाची वागण्याची रीत आणि पुढच्या नोकरीची आशा या गोष्टींशी सापडला. सहा महिने फेलोशिप न मिळालेल्या मुलीला दीर्घ श्वसन शिकवून पाठवणे हा तिच्या दुःखावरचा इलाज नव्हे.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे. पीएचडीचे पीक आधीच फार आले आहे, पदोन्नतीसाठी आणि फेलोशिपसाठी लोक नोंदणी करतात, प्रबंधांचा दर्जा सर्वांना ठाऊक आहे, मग त्यांना आणखी सोयी कशाला? डिसेंबर 2023 मध्ये विधान परिषदेत राज्याच्या एका उपमुख्यमंत्र्यांनी पीएचडी करून काय दिवे लावणार, असा सवाल केला होता; तो अनेकांच्या मनातला असावा. सुमार प्रबंधांची तक्रार खोटी नाही. पण त्या सुमारपणाचे मूळ शोधू गेलो तर पुन्हा याच उणिवेपाशी पोचतो. वेळेवर पैसा नाही म्हणून विद्यार्थी चार महाविद्यालयांत तास घेत फिरतो, पद्धतीचे शिक्षण कोर्सवर्कच्या मोजक्या श्रेयांकांत कसेबसे आटपते, लेखनावर कोणी हात फिरवत नाही, आणि सहा वर्षांची मुदत संपत आली की जे हाताला लागेल ते बांधून सादर होते. आधार काढून घेतल्याने गळतात ते कच्चे विद्यार्थी, असे समजणे चूक आहे. गळतात ते गरीब. ज्याच्याकडे घरचा पैसा आणि ओळखी आहेत तो कसाही पार पडतो. दर्जाची ज्यांना खरी काळजी आहे त्यांनी तर या व्यवस्थेसाठी सर्वांत आधी आग्रह धरायला हवा, कारण दर सत्राला काम तपासणारे जागे कार्यालय असले की काम न करणाऱ्यालाही लपायला जागा राहत नाही.

विद्यापीठांकडे पैसा नाही, पदे रिकामी आहेत, हेही खरे आहे. पण मी सुचवतो ते काम इमारतीचे नाही. संशोधक विद्यार्थ्यांसाठी एक जबाबदार अधिकारी, हाताशी दोन-तीन कर्मचारी, आणि प्रत्येक विद्यार्थ्याची एकच नोंद, जीत त्याची नोंदणी, फेलोशिप, समितीच्या बैठका, रजा आणि प्रबंधाची तारीख दिसेल. महिन्याची फेलोशिप अडकली तर विद्यार्थ्याने फेऱ्या मारण्याआधी कार्यालयानेच विचारणा करायची. नव्या विद्यार्थ्यांना पहिल्या महिन्यात मराठीत आणि इंग्रजीत सगळा मार्ग लिहून हातात द्यायचा. शोधनिबंध लिहिण्याच्या कार्यशाळा, भाषेची मदत, प्राध्यापकीखेरीज इतर नोकऱ्यांची माहिती, गाइड बदलण्याची सन्मानाची वाट, हे सारे याच दाराआड. शाहू महाराजांनी 1901 पासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांसाठी वसतिगृहे उभी करायला मदत केली, ती शाळा नव्हत्या म्हणून नव्हे. शाळा होत्या, खेड्यातल्या मुलाला त्या शाळेत टिकता येईल अशी सोय नव्हती. भाऊराव पाटलांनी साताऱ्याच्या वसतिगृहातून तेच काम पुढे नेले. प्रवेश देणे आणि टिकवणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे या महाराष्ट्राला तेव्हा कळले होते.

अधिसभेवर आणि व्यवस्थापन परिषदेवर बसणाऱ्यांना म्हणून एक विनंती आहे. विद्यापीठाच्या वार्षिक अहवालात यंदा किती पीएचडी दिल्या हा आकडा असतोच. त्याच्या शेजारी आणखी तीन आकडे छापायला लावा: सहा वर्षांपूर्वी नोंदणी केलेल्यांपैकी किती जण मध्येच सोडून गेले, फेलोशिप विद्यार्थ्याच्या खात्यात पोचायला सरासरी किती दिवस लागले, आणि सल्लागार समितीच्या ठरलेल्या बैठकांपैकी प्रत्यक्षात किती झाल्या. त्यासाठी नवा कायदा लागत नाही.