पशुखाद्याची तपासणी : खर्च कोणाच्या शिरावर?

१९९९ सालच्या आरंभी बेल्जियममधील कुक्कुटपालकांच्या जेव्हा असे ध्यानात येऊ लागले की कोंबड्यांचे अंडी देणे मंदावले आहे आणि उबवणीस ठेवलेल्या अंड्यांतून पिल्ले बाहेर पडत नाहीत, तेव्हा या व्याधीचे मूळ खुराड्यात नसून खाद्याच्या पोत्यात आहे, अशी कल्पना फारच थोड्यांना आली असेल. जुनी चरबी गोळा करून ती खाद्याच्या कारखान्यांस पुरविणाऱ्या एका व्यावसायिकाच्या मालात विद्युत रोहित्रांतील तेल मिसळले गेले होते. त्या तेलातील पीसीबी आणि डायॉक्सिन ही विषे त्या वाटेने अंड्यामांसापर्यंत पोहोचली. डायॉक्सिनचे एकूण वजन सुमारे एक ग्रॅम; परंतु तेवढ्यापायी लक्षावधी कोंबड्यांचा संहार करावा लागला, शेती व आरोग्य या खात्यांच्या मंत्र्यांनी राजीनामे दिले आणि १३ जूनच्या निवडणुकीत पंतप्रधान देहाने यांच्या पक्षाचा पराभव झाला.

त्या अनर्थातून जो धडा घेतला गेला, त्याचे फलित म्हणजे २००० साली कायद्याने स्थापन झालेली अन्नसाखळीच्या सुरक्षिततेची संघराज्य संस्था होय. निरनिराळ्या खात्यांत विखुरलेली तपासणी तिने एका दप्तराखाली आणली. तिच्या उत्पन्नाचे मार्ग तीन : सरकारी खजिन्यातून मिळणारे अनुदान, अन्नसाखळीतील व्यावसायिकांवरील वार्षिक पट्टी, आणि विशिष्ट तपासणी वा दाखल्याबद्दल घेतली जाणारी फी. आपल्या कारखान्यात स्वनियंत्रणाची पद्धत बसवून ती प्रमाणित करून घेणाऱ्यास पट्टीत सवलत मिळते. म्हणजे ही आकारणी केवळ महसुलाचे साधन न राहता शिस्तीचेही साधन बनते.

अमेरिकेतील अनेक राज्यांनी याहून सुटसुटीत मार्ग पत्करला आहे. तेथे विकल्या जाणाऱ्या खाद्यावर टनामागे ठरावीक तपासणी-शुल्क असते, बहुधा काही सेंटच. कारखानदाराने विक्रीचे विवरणपत्र दाखल करावयाचे, आणि त्या पैशातून निरीक्षकांनी नमुने घ्यावयाचे, प्रयोगशाळांनी ते तपासावयाचे. या पद्धतीचा दोष असा, की उत्पन्न मालाच्या वजनावर अवलंबते, धोक्यावर नव्हे. १९७३ साली मिशिगन राज्यात एका रासायनिक कारखान्यातून पशुखाद्यातील पूरक द्रव्याऐवजी आग रोखणाऱ्या विषारी रसायनाची पोती चुकून रवाना झाली आणि पुढे सुमारे ३०,००० गुरे नष्ट करावी लागली. असला प्रमाद माल किती टन आहे हे पाहून घडत नाही.

मग हा भार कोणी वाहावा? ज्याच्या व्यवहारातून धोका उद्भवतो आणि ज्याच्या मालाची पत तपासणीने वाढते, त्या कारखानदाराने त्यातील मोठा वाटा द्यावा, हे न्याय्यच आहे. शिवाय तो पैसा अखेर पोत्याच्या किमतीतून पशुपालकाकडून आणि दुधाच्या दरातून ग्राहकाकडून वसूल होतोच. परंतु सारा भार फीवर टाकल्यास लहान कारखानदार दबून जातो, आणि निरीक्षक आपल्या वेतनासाठी ज्याची तपासणी करावयाची त्याच्याच मर्जीवर अवलंबून राहतो की काय, अशी शंका लोकांच्या मनात घर करते. म्हणून दर कायद्याने ठरावेत, फी निरीक्षकाच्या हाती न पडता स्वतंत्र खात्यात जमा व्हावी, त्या खात्याचा जमाखर्च दरवर्षी प्रसिद्ध व्हावा, आणि साथ वा विषबाधा अशा अकल्पित प्रसंगी लागणारा खर्च सार्वजनिक करांतून व्हावा.

आपल्याकडेही पशुखाद्याच्या पोत्यावर आयएसआय चिन्ह लावणारा परवानाधारक भारतीय मानक ब्यूरोला शुल्क देतो, आणि दुधातील अफ्लाटॉक्सिन एम-१ या बुरशीजन्य विषाची मर्यादा किलोमागे ०.५ मायक्रोग्रॅम ठरलेली आहे. बुरसलेल्या सरकी पेंडीतून दुधात उतरणारे हे विष डोळ्यांना दिसत नाही. ते शोधणाऱ्या प्रयोगशाळेसाठी पोत्यामागे चार पैसे अधिक मोजावे लागले, तर पशुपालकाने आणि दूध पिणाऱ्याने ते महाग मानू नयेत.