टपाकडेही बघा

दसऱ्याच्या सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाड्या धुण्याची एकच घाई असते. चाकं घासली जातात, नंबरप्लेट पुसली जाते, बॉनेटवर झेंडूची माळ चढते. चौथ्या मजल्याच्या गॅलरीतून मात्र वेगळंच दिसतं. टपाच्या कडा चकचकीत आणि मधोमध धुळीचा पट्टा जसाच्या तसा. हात पोचला तिथवर गाडी धुतलेली.

यात आळस थोडा, उंची जास्त. वॅगनआर १६७५ मिलिमीटर, म्हणजे साडेपाच फूट उंच. इनोव्हा क्रिस्टा १७९५ मिलिमीटर, तर स्कॉर्पिओ क्लासिक १९९५, म्हणजे थेट साडेसहा फूट. मध्यम उंचीच्या माणसाला यातल्या मोठ्या गाड्यांचा टप दिसतच नाही, मग तो पुसणार कोण? पहाटे गाड्या पुसायला येणारा मुलगा मागच्या चाकावर पाय देतो, एका हाताने वरची दांडी धरतो आणि दुसऱ्या हाताने फडकं मारतो. त्याला बोल लावण्यात अर्थ नाही, एका बादलीत त्याला ओळीने गाड्या उरकायच्या असतात. वॉशिंग सेंटरमध्येही बऱ्याच ठिकाणी खालचा चिखल काढायला गाडी लिफ्टवर चढवतात. टप आणखी वर जातो. त्याच्यावर फेस उडतो, पाण्याच्या मारानं उतरतो आणि चोळायचं राहूनच जातं.

खरं तर सगळ्यांत जास्त मार खातो तो टपच. पत्र्यावर प्रायमर, त्यावर रंग आणि सर्वांत वर क्लिअर कोटचा पारदर्शक थर अशी हल्लीच्या गाड्यांची रचना असते. हा वरचा थर साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे आपल्या केसापेक्षाही बारीक. उन्हातले अतिनील किरण अडवणारी द्रव्यं त्यातच असतात. दारांवर ऊन तिरपं पडतं, टपावर भर दुपारचं सरळ उतरतं. नागपूर-चंद्रपूरकडच्या मे महिन्यात काळ्या गाडीच्या टपाला हात लावून बघा, म्हणजे अंदाज येईल. वर्षानुवर्षं असं भाजल्यावर थर आधी पांढुरका पडतो, मग त्याचे पापुद्रे सुटतात. त्यावर कितीही पॉलिश चोळलं तरी काही होत नाही, रंगकामाचाच खर्च येतो.

टप आडवा असल्यानं वरून पडेल ते तिथंच बसतं. कबुतराची विष्ठा आम्लधर्मी, त्यात कडक कण. तापलेला थर मऊ होतो, संध्याकाळी आक्रसतो आणि डागाचा ठसा कायमचा उमटतो. सावलीच्या आशेनं आंब्याखाली गाडी लावणाऱ्यांना मोहोराच्या दिवसांत तुडतुड्यांचा चिकट रस भेटतो, त्यावर काळी बुरशी धरते. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार असतात. उन्हात धुऊन तशीच वाळू दिलेली गाडी पांढऱ्या वर्तुळांनी भरते.

तेव्हा धुणं टपापासून सुरू करावं, सावलीत आणि पत्रा थंड असताना. टायरवर किंवा ओल्या दारपट्टीवर उभं राहू नये. पाय घसरतो, शिवाय पट्ट्याच्या बकलाचा ओरखडा दारावर उठतो. रंगारी वापरतात तसा बुटका घोडा किंवा रुंद पायरीचं घडीचं स्टूल घ्यावं. भिंतीला टेकवायची शिडी गाडीला टेकवू नये. टप मधोमध दोन भागांत कल्पून अर्धा या बाजूनं, अर्धा त्या बाजूनं धुवावा. लांब दांड्याला मऊ मायक्रोफायबरचा मोजा लावला की मधला पट्टा सहज हाती येतो. आधी नुसत्या पाण्यानं माती भिजवून घालवायची. कोरड्या धुळीवर फडकं फिरवणं म्हणजे पॉलिश पेपर फिरवणंच. साबणाची बादली वेगळी, मोजा खंगाळायची वेगळी. कपड्यांची पावडर नको, गाडीचा शाम्पूच बरा. विष्ठा खरवडायची नाही. ओलं फडकं पाचेक मिनिटं ठेवलं की ती अलगद उचलली जाते.

पॉलिशच्या बाबतीत माझं मत जरा कडक आहे. दर दसऱ्याला ‘रबिंग-पॉलिश’ करून आणणं ही हौस गाडीला महागात पडते. रबिंगमध्ये चमक वरून चढत नाही. क्लिअर कोटचा ओरखडे पडलेला वरचा भाग झिजवून खालचा गुळगुळीत भाग उघडा केला जातो. म्हणजे केसापेक्षा बारीक असलेलं ते छप्पर दरवर्षी थोडं आणखी पातळ. वॅक्सचं उलट, ते काही झिजवत नाही, वर पातळ कवच चढवतं आणि काही महिन्यांनी उतरतं. धुतल्यावर टपावर पाण्याचे गोल मणी उभे राहिले तर कवच शाबूत आहे. पाणी पसरून बसायला लागलं की पुन्हा लावायची वेळ झाली.

पॉलिश करायचंच असेल तर साध्या गरगरणाऱ्या यंत्रापेक्षा डीए, म्हणजे ड्युअल अ‍ॅक्शन पॉलिशर बरा. त्याची चकती फिरता फिरता डुलते, त्यामुळे एका जागी उष्णता साठत नाही. टपाचा पत्रा मोठा आणि लवचीक, त्यावर अंगाचा भार टाकून दाबायचं नाही. दुमडीवर आणि कडांवर रंग आधीच पातळ असतो, तिथून यंत्र दूर. यंत्राची वायर खांद्यावरून पाठीमागे टाकावी, नाहीतर एका बाजूला चमक आणि दुसऱ्या बाजूला वायरचा ओरखडा. काळ्या दांड्या, रबर आणि अँटेना यांवर आधी टेप लावावी, पॉलिशचे पांढरे डाग प्लास्टिकवरून निघता निघत नाहीत. मॅट रंगावर किंवा चिकटवलेल्या काळ्या फिल्मवर पॉलिश अजिबात नको.

स्टूल लावलंच आहे, तर गाडीला सनरूफ असल्यास तेही उघडून बघा. त्याच्या चौकटीच्या कोपऱ्यांत बारीक भोकं असतात, पावसाचं पाणी तिथून नळीवाटे गाडीखाली जातं. पानं आणि माती तुंबली की तेच पाणी आतल्या छताच्या कापडातून सीटवर ठिबकतं आणि लोक समजतात सनरूफ गळतंय. मृग लागण्याआधी प्रत्येक भोकात हळूच थोडं पाणी ओतून ते खाली ठिबकतंय ना, बघा. नाही ठिबकलं तर तार खुपसू नका, आतली नळी निसटते. मेकॅनिककडून साफ करून घ्या.