कार्डधारक रुग्ण आणि रुग्णालयाचा नकार

शासकीय आरोग्य योजनेचे कार्ड हाती असूनही रुग्णालयाच्या दारातून परतलेला रुग्ण धाराशिव जिल्ह्यातील वैद्यांना अपरिचित नाही. कळंब असो वा उमरगा, भूम असो वा परंडा, मोठ्या आजाराचे निदान झाले की कुटुंबातील माणसे प्रथम आपल्या नेहमीच्या वैद्याकडे येतात आणि विचारतात, "डॉक्टर, सोलापूरला कार्ड चालेल का? की लातूरला जावे?" ह्या प्रश्नाचे उत्तर चुकले तर गाडीभाडे, दोन दिवस आणि कधीकधी रोगाची साध्यावस्थाही हातची जाते. म्हणून काही डॉक्टर व रुग्णालये योजनेचे रुग्ण का नाकारतात, त्यातील कोणता नकार न्याय्य व कोणता अन्याय्य, आणि ह्या सर्वाशी आयुर्वेदाचा संबंध काय, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात आम्ही करीत आहोत.

योजनेची वाटचाल

राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी राज्यातील आठ जिल्ह्यांत सुरू झाली. सोलापूर व नांदेड त्यांत होते. आपला जिल्हा मात्र २१ नोव्हेंबर २०१३ रोजी योजना राज्यभर लागू झाली तेव्हा तीत आला. त्या वेळी ९७१ उपचार आणि प्रतिकुटुंब प्रतिवर्षी दीड लाख रुपयांचे संरक्षण अशी तिची मर्यादा होती. पिवळ्या व केशरी शिधापत्रिकेवर ती मिळे. पुढे शेतकरी आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांतील पांढऱ्या शिधापत्रिकेच्या शेतकरी कुटुंबांनाही तिचा लाभ देण्यात आला. तत्कालीन उस्मानाबाद जिल्हा त्या चौदांपैकीच एक होय. २०१७ मध्ये योजनेस महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. २०१८ मध्ये केंद्राची आयुष्मान भारत योजना आली व २०२० मध्ये दोन्हींची सांगड घालण्यात आली. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने संरक्षण पाच लाखांवर व उपचारांची संख्या १३५६ वर नेली आणि राज्यातील सर्व कुटुंबांना योजना खुली केली. १ जुलै २०२४ पासून त्याची अंमलबजावणी झाली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये सत्तर वर्षांवरील सर्व वृद्धांना, उत्पन्नाची अट न घालता, आयुष्मान योजनेत घेण्यात आले.

कागदावर पाहता हक्काची व्याप्ती फार मोठी झाली आहे. परंतु हक्क आणि उपचार ह्यांच्यामध्ये रुग्णालय उभे असते, आणि त्याचे गणित वेगळे असते.

नकाराची कारणे

पहिले कारण दराचे. प्रत्येक उपचारास एक ठोक रक्कम ठरलेली असते. खाट, शुश्रूषा, तपासण्या, शस्त्रक्रिया, भूल, औषधे, भोजन, घरी परतण्याचे प्रवासभाडे, एवढेच नव्हे तर घरी पाठविल्यानंतरच्या काही दिवसांची देखरेख, हे सारे त्या एका रकमेत बसवायचे असते. जेथे महिन्याला शंभर शस्त्रक्रिया होतात तेथे ते बसते. दहा होतात तेथे एकच गुंतागुंतीचा रुग्ण आला तर इतरांचे उरलेले पैसे त्यात जातात.

दुसरे कारण विलंबाचे. रुग्ण घरी गेल्यावर कागद दाखल होतात, त्यांची छाननी होते, त्रुटी निघतात, काही दाव्यांत कपात होते, काही नामंजूर होतात. समजा, एखाद्या छोट्या रुग्णालयात महिन्याला दहा रुग्ण योजनेचे येतात व पैसे तीन महिन्यांनी मिळतात. म्हणजे तीस रुग्णांचा खर्च त्या डॉक्टरने सतत खिशातून घातलेला असतो. तालुक्याच्या ठिकाणी येणारे शल्यतज्ज्ञ व भूलतज्ज्ञ बहुधा लातूर-सोलापूरहून येतात आणि त्यांचे मानधन त्याच दिवशी द्यावे लागते. औषधविक्रेत्यांना ही साखळी समजावून सांगण्याची गरज नाही; रुग्णालयाचे देयक अडले की त्यांची उधारीही अडते. हा प्रश्न केवळ आपल्याकडचा नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये हरियाणातील खाजगी रुग्णालयांनी थकबाकीच्या कारणावरून आयुष्मान योजनेची सेवा थांबविली होती.

तिसरे कारण पूर्वमंजुरीचे व कागदांचे. त्यासाठी संगणकावर बसणारा माणूस, छायाचित्रे, अहवाल आणि आरोग्यमित्राशी समन्वय लागतो. वीस खाटांच्या रुग्णालयास हा भार जड होतो. मात्र ही छाननी निष्कारण आहे असे म्हणता येणार नाही. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय-शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये ऐरणीवर आला आणि शासनाला डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. आपल्या जिल्ह्यातूनही दरवर्षी कोयता घेऊन माणसे बाहेर पडतात. शस्त्र अनावश्यक चालू नये ह्यासाठी कोणीतरी विचारणा करणे इष्टच होय.

चौथे कारण नियमाचेच. काही उपचार शासकीय रुग्णालयांसाठी राखीव आहेत. त्यांसाठी खाजगी रुग्णालयाने नाही म्हटले तर तो त्या डॉक्टरचा नकार नव्हे.

कोणता नकार न्याय्य?

योजनेत सामील व्हावे की न व्हावे, हा खाजगी रुग्णालयाचा स्वतःचा निर्णय आहे. जो सामील नाही, त्याने "आमच्याकडे कार्ड चालत नाही" असे प्रथमच स्पष्ट सांगितले तर त्यास दोष देता येणार नाही. परंतु ज्याने करार केला, दारावर फलक लावला, त्याने पात्र रुग्णाला "खाट नाही" असे खोटे सांगून परतविणे, किंवा कार्डही वापरणे व वरून रोख रक्कमही घेणे, हा करारभंग होय. औषधाची बाहेरची चिठ्ठी देणे हा त्याचाच सौम्य दिसणारा प्रकार आहे. औषधे ठोक रकमेत धरलेली असतात. अशी चिठ्ठी सर्वप्रथम औषधविक्रेत्याच्याच हाती पडते. त्याने रीतसर पावती दिली, तर तक्रारीसाठी रुग्णाजवळ पुरावा राहतो.

तातडीच्या अवस्थेत मात्र कार्डाचा प्रश्न दुसरा ठरतो. अपघातग्रस्तास तातडीचे उपचार देणे हे शासकीय व खाजगी अशा प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा खटल्यात १९८९ मध्येच सांगितले आहे.

परदेशातील एक उदाहरण

अमेरिकेत वृद्धांसाठी मेडिकेअर ही योजना १९६५ मध्ये कायद्याने आली. तेथेही काही डॉक्टर हे रुग्ण घेत नाहीत, आणि कारणे ओळखीचीच आहेत: अपुरा दर, कागदांचा भार, नियमांतील सततचे बदल. परंतु तेथे नकाराचीही रीत ठरलेली आहे. काही डॉक्टर योजनेचा दर पूर्ण मान्य करतात. काही ठराविक मर्यादेपर्यंत अधिक आकारतात. जे पूर्णपणे बाहेर पडतात, त्यांना दोन वर्षांसाठी तसे घोषित करावे लागते आणि उपचारापूर्वी रुग्णाशी लेखी करार करावा लागतो. असे पूर्णपणे बाहेर पडलेले डॉक्टर सुमारे एक टक्काच आहेत. आम्हांस ह्यातून घेण्याजोगे वाटते ते हे, की तेथे डॉक्टर बाहेर असल्याचे रुग्णाला खर्च होण्यापूर्वी कळते.

आयुर्वेदाचा संबंध

चिकित्सेच्या चतुष्पादात रोग्याचे गुण सांगताना वाग्भटांनी 'आढ्य' हा शब्द वापरला आहे. सुश्रुतांनी 'द्रव्यवान' म्हटले आहे. साधनसामग्री नसेल तर उत्तम वैद्य व उत्तम औषध असूनही चिकित्सा लंगडी पडते, हे आचार्यांनी निःसंकोच मान्य केले. विमा म्हणजे दरिद्री रोग्यास समाजाने दिलेले आढ्यत्वच होय. रोग असाध्य असताना चरकांनी वैद्याला नकाराची मुभा दिली आहे. आज साध्य रोगालाही नकार मिळतो, कारण चतुष्पादातील हा एक पाद वेळेवर उभा राहत नाही.

ह्या योजनेच्या उपचारयादीचा गाभा आधुनिक शस्त्रक्रिया व उपचारांचा आहे. खाजगी विम्यात १ एप्रिल २०२४ पासून आयुष उपचारांना समान वागणूक देण्याचे निर्देश विमा नियामकाने दिले. शासकीय योजनेतही आयुर्वेदास स्थान मिळावे अशी मागणी आपल्यातून होते, आणि ती रास्त आहे. परंतु मागणी करताना आपण ठोक रकमेचे स्वरूप तपासले पाहिजे. भगंदरात क्षारसूत्र आठवड्यागणिक बदलावे लागते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या १९९१ मधील बहुकेंद्री अभ्यासात शस्त्रक्रियेच्या तुलनेत त्यात पुनरुद्भव कमी, पण बरे होण्यास लागणारा काळ अधिक आढळला. एका दाखल-मुक्कामाच्या हिशेबात हा उपचार बसत नाही. पंचकर्मातही तीन ते सात दिवसांचे स्नेहपान, नंतर स्वेदन, प्रधानकर्म आणि संसर्जनक्रम आहे. रक्कम केवळ वमन-विरेचनाच्या दिवसाची ठरली, तर पूर्वकर्म व पश्चात्कर्म गाळण्याचा मोह निर्माण होईल आणि अपयशाचे खापर मात्र शास्त्रावर फुटेल. घृत-तैलांचा दर्जा व त्यांचे मूल्य हेही त्या हिशेबात यावे लागेल. ह्यात फार्मसी-चालकांचे म्हणणे वेळीच मांडले जाणे अगत्याचे आहे. अन्यथा आज ज्या कारणांनी रुग्णालये कार्ड नाकारतात, त्याच कारणांनी उद्या आपणही नाकारू लागू.

आपले कर्तव्य

तोवर आपल्या हाती असलेले काम लहान पण महत्त्वाचे आहे. धाराशिव, बार्शी, सोलापूर व लातूर येथील योजनेत सामील रुग्णालयांची, त्यांच्या विशेषोपचारांसह, यादी प्रत्येक चिकित्सालयात असावी व ती दर तिमाहीस तपासावी. सामील असलेले रुग्णालय प्रत्येक उपचारासाठी सामील असतेच असे नाही. रुग्ण पाठविण्यापूर्वी तेथील आरोग्यमित्राशी दूरध्वनीवर बोलावे. शिधापत्रिका, आधार व आयुष्मान कार्ड रोग येण्यापूर्वीच नीट करून ठेवण्यास सांगावे. नकार मिळाल्यास कारण लिहून मागण्यास सांगावे आणि योजनेच्या १५५३८८ ह्या क्रमांकावर तक्रार नोंदविण्यास साहाय्य करावे. अधिक नफा देणाऱ्या परंतु योजनेबाहेरील रुग्णालयाकडे कार्डधारकास वळविणे आपल्या व्यवसायास शोभणारे नाही, हेही स्पष्ट म्हटले पाहिजे.

दर वाढविणे व देयके वेळेवर देणे हे शासनाचे काम आहे आणि त्यासाठी आग्रह धरणाऱ्या डॉक्टरांच्या बाजूने आम्ही आहोत. परंतु दर अपुरा आहे म्हणून नाही म्हणण्याचा अधिकार असला, तरी ते नाही प्रथम, स्पष्ट व पुढचा मार्ग दाखवून सांगण्याचे दायित्व त्याबरोबरच येते. भाडे खर्चून आलेल्या रुग्णास दारात थांबवून मग सांगितलेला नकार कोणत्याही दरपत्रकाने समर्थनीय ठरत नाही.