युरोपीय तरुणांचें देशाटन आणि लोकांचा पैसा

घरांतील एखाद्या मुलानें परदेशीं जाण्याचा विषय काढला कीं आजोबांपासून आत्याबाईंपर्यंत सर्वांच्या तोंडून पहिला प्रश्न एकच निघतो: खर्च कोण करणार? हा प्रश्न क्षुद्र नाहीं. देशाटनानें मनुष्य शहाणा होतो हें तत्त्व सर्वांस मान्य आहे. परंतु ज्याच्यापाशीं गाडीभाडें आहे त्यासच तें शहाणपण मिळावें काय, हा त्या प्रश्नाच्या पोटांतला खरा प्रश्न होय. तीन शतकांपूर्वीं इंग्रज सरदारांचे पुत्र शिक्षकास बरोबर घेऊन फ्रान्स व इटली हे देश वर्ष-दोन वर्षें हिंडून येत. तो केवळ श्रीमंतांचा संस्कार होता. आज त्याच युरोपखंडांत सुताराचा मुलगा व शेतकऱ्याची मुलगी सार्वजनिक खजिन्यांतून प्रवास, निवास व जेवण मिळवून परदेशांत सहा-सहा महिने काम करूं शकतात. हा पालट कसा घडला आणि तो कोठवर पुरा झाला आहे, हें वाचकांपुढें मांडण्याचा विचार आहे.

या गोष्टीचा आरंभ सरकारी कचेरींत झाला नाहीं. तो फावड्या-कुदळीनें झाला. पहिल्या महायुद्धांत फ्रान्समधील व्हर्दूनच्या आसपासचीं खेडीं जमीनदोस्त झालीं होतीं. त्यांपैकीं एन नांवाच्या खेड्यांत १९२० च्या नोव्हेंबरांत पिएर सेरेसोल या स्विस इंजिनियरांनीं निरनिराळ्या देशांतील मूठभर स्वयंसेवक जमविले. त्यांत कालपर्यंत शत्रु असलेले जर्मनही होते. त्यांनीं तात्पुरतीं घरें उभारलीं, रस्ते नीट केले. मजुरी मात्र घेतली नाहीं. परंतु ज्या प्रदेशाची धूळधाण जर्मन तोफांनीं केली, तेथें जर्मन हातांची मदतही लोकांस नकोशी झाली व कांहीं महिन्यांतच काम थांबवावें लागलें. प्रयत्न फसला असेंच कोणीही म्हटलें असतें. सेरेसोल यांनीं तसें मानलें नाहीं. १९३४ च्या जानेवारींत बिहारांत प्रचंड भूकंप झाला, तेव्हां हेच गृहस्थ आपल्या कांहीं सहकाऱ्यांसह भारतांत आले आणि बाबू राजेंद्रप्रसाद यांच्या मदतकार्यास जोडून घेऊन पडलेलीं खेडीं पुन्हां वसविण्याच्या कामांत राबले. अशा सेवेंत निष्ठा पुष्कळ होती. उणीव होती ती द्रव्याची. ज्याच्या घरची चूल त्याच्या मजुरीवर पेटते, त्यानें फुकट राबण्यासाठीं परदेशीं कसें जावें?

हा भार सरकारांनीं उचलण्यास दुसरें महायुद्ध व्हावें लागलें. २२ जानेवारी १९६३ रोजीं फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष द गॉल व पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर आडेनॉअर यांनीं मैत्रीचा तह केला, आणि त्याच वर्षींच्या जुलै महिन्यांत दोन्ही सरकारांनीं समसमान वर्गणी घालून केवळ तरुणांच्या अदलाबदलीसाठीं एक कार्यालय स्थापिलें. आजवर नव्वद लाखांहून अधिक तरुणांनीं त्याचा लाभ घेतला आहे. ज्यांच्या आजोबांनीं खंदकांत एकमेकांवर नेम धरला, त्यांचीं नातवंडें एकमेकांच्या स्वयंपाकघरांत बसून परकी भाषा शिकूं लागलीं. तहावरील शाई वाळते; परक्या घरच्या माउलीनें वाढलेलें जेवण मात्र जन्मभर स्मरणांत राहतें.

विद्यापीठांची गोष्ट निराळी होती. सोफिया कोर्राडी या इटालियन तरुणी अमेरिकेंतील कोलंबिया विद्यापीठांत शिष्यवृत्तीवर शिकून १९५८ च्या सुमारास मायदेशीं परतल्या. तेथील अभ्यास रोमच्या विद्यापीठांत धरला जावा, अशी त्यांनीं विनंति केली. तेव्हां ती अमान्य तर झालीच, वर त्यांस चारचौघांत बोलणींही ऐकावीं लागलीं. अपमान गिळून स्वस्थ बसणाऱ्यांपैकीं त्या नव्हत्या. परदेशांतील अभ्यास स्वदेशीं मान्य झालाच पाहिजे, हा हेका त्यांनीं पुढें जवळजवळ तीस वर्षें धरला. अखेर १९८७ सालीं रॉटरडॅमच्या एरास्मस पंडितांच्या नांवाची योजना सुरू झाली. पहिल्या वर्षीं ११ देशांतील ३,२४४ विद्यार्थी गेले. आजवरची संख्या दीड कोटीच्या वर आहे. नियम साधे आहेत: यजमान विद्यापीठानें शिक्षणशुल्क घ्यावयाचें नाहीं, मूळ विद्यापीठानें तो अभ्यास मान्य करावयाचा, आणि वरखर्चास मासिक वेतन मिळावयाचें. पुढें धंदेशिक्षणाचे विद्यार्थी व शिक्षक यांसही तींत स्थान मिळालें. २०२१ ते २०२७ या सात वर्षांकरितां सुमारें २,६०० कोटी युरोंची तरतूद केलेली आहे. ब्रिटन २०२० च्या अखेरीस या योजनेंतून बाहेर पडलें. परंतु २०२७ पासून पुन्हां तींत येण्याचें त्यानें डिसेंबर २०२५ मध्यें ठरविलें. वडील मंडळींच्या माहितीसाठीं आणखी एक गोष्ट सांगतों. २०१४ च्या एका सरकारी पाहणींत असें आढळलें कीं या विद्यार्थ्यांपैकीं २७ टक्क्यांस आपला जीवनाचा जोडीदार त्या प्रवासांतच भेटला! पत्रिका कोणीं पाहिल्या, याचा उल्लेख अहवालांत नाहीं.

सेरेसोल यांच्या फावड्याचा खरा वारसा मात्र निराळ्या योजनेकडे आहे. युरोपीय संघानें १९९६ मध्यें तरुणांसाठीं स्वयंसेवेची योजना आरंभिली व २०१६ च्या अखेरीस तिला 'युरोपीय एकता दल' असें व्यापक रूप दिलें. अठरा ते तीस वर्षांच्या तरुणास दोन महिन्यांपासून एक वर्षापर्यंत परदेशांतील वृद्धाश्रम, बालगृह, ग्रंथालय, वनसंवर्धन अशा कामांत राहतां येतें. जाण्यायेण्याचें भाडें, राहणें, जेवण, विमा, भाषेचें शिक्षण व थोडा हातखर्च हें सर्व योजनेंतून मिळतें. उमेदवाराकडून शुल्क घेतलें जात नाहीं. पगारी नोकराच्या जागीं स्वयंसेवक बसवून पैसे वांचवूं नयेत, असाही निर्बंध आहे. इटलींतील नोर्चा हें संत बेनेडिक्ट यांचें जन्मगांव २०१६ च्या भूकंपांत उद्ध्वस्त झालें. पुढच्या वर्षींच्या ऑगस्टांत या दलाची पहिली तुकडी तेथें पोहोंचली आणि मोडतोडीची दुरुस्ती व गांवकऱ्यांच्या सेवेचीं बंद पडलेलीं कामें यांस तिनें हात घातला. एन गांवांत जे परके हात नकोसे झाले होते, तेच नोर्चामध्यें हवेसे झाले; आणि या वेळीं त्यांच्या भाकरीची सोय लोकांच्या पैशांतून झालेली होती.

तिसरा प्रकार उमेदवारीचा. ब्रसेल्स येथील युरोपीय आयोग १९६० पासून पदवीधर तरुणांस पांच महिन्यांची उमेदवारी देत आला आहे. तींत दरमहा वेतन मिळतें. पण सर्वत्र असें नव्हतें. संघाच्या परदेशांतील वकिलातींत शेंकडों तरुण विनावेतन काम करीत. अशांपैकीं एका उमेदवाराच्या तक्रारीवरून युरोपीय लोकपाल एमिली ओ'रायली यांनीं २०१७ च्या फेब्रुवारींत असा निर्णय दिला कीं, वेतन न देणें म्हणजे ज्यांच्या घरीं सुबत्ता आहे त्यांच्यासाठींच दार उघडें ठेवणें होय. त्यानंतर या उमेदवारांस वेतन देण्यासाठीं अंदाजपत्रकांत तरतूद झाली. या एका वाक्यांत माझ्या मतें सगळ्या विषयाचें सार आलें आहे. फुकट काम करण्याची संधि ही वरवर सर्वांस खुली दिसते. वस्तुतः ती केवळ धनिकासच परवडते.

एवढें होऊनही दार पुरतें उघडलें आहे असें नाहीं. मासिक वेतन महाग शहरांत पुरत नाहीं व उरलेला भार बापाच्या खिशावर पडतो. म्हणून गरीब घरचीं मुलें अर्जच करीत नाहींत. हें ओळखून हल्लींच्या योजनेंत अडचणींतील विद्यार्थ्यास दरमहा २५० युरो अधिक देण्याची व्यवस्था केली आहे. शिक्षकाच्या पेशांत मीं पुष्कळदां पाहिलें आहे: सहलीची वर्गणी जाहीर होतांच एखादा हुशार मुलगा "मला प्रवासाची आवड नाहीं" असें म्हणून खालीं मान घालतो. त्यास आवड नसते असें नव्हे. तो घरची लाज राखीत असतो. अशा मुलानें मागण्यापूर्वींच जी व्यवस्था त्याच्यापाशीं पोहोंचते, तीच खरी व्यवस्था.

आपल्या पदवीधर मुलांसही येथें एक वाट आहे. २००४ पासून 'एरास्मस मुंडुस' या नांवाखालीं दोन किंवा अधिक देशांत राहून पदव्युत्तर अभ्यास करण्याच्या शिष्यवृत्त्या जगांतील सर्व विद्यार्थ्यांस खुल्या आहेत, व भारतीय विद्यार्थी त्या मोठ्या संख्येनें मिळवितात. शिष्यवृत्ति मिळाल्यास शिक्षणशुल्काचा भार राहत नाहीं व राहण्याखाण्यासाठीं दरमहा १,४०० युरो मिळतात. अर्ज त्या त्या अभ्यासक्रमाच्या विद्यापीठांकडे थेट करावयाचा असतो. मध्यस्थाची गरज नाहीं.

परक्या मुलास पोसून शिकविण्याची कल्पना आपणांस नवीन नाहीं. आपल्या आजे-पणज्यांपैकीं किती जण सात घरीं सात वार लावून जेवले व शिकून मोठे झाले, तें घरोघरीं अभिमानानें सांगितलें जातें. तो अभिमान योग्यच आहे. परंतु त्या पंक्तीस बहुधा आपल्याच जातीच्या मुलाचें पान मांडलें जाई, हेंही त्याबरोबर सांगितलें पाहिजे. जे अंगणाबाहेर राहिले त्यांच्या कथा कोणी सांगत नाहीं. युरोपाच्या या योजनांचें मोल त्यांच्या कोट्यवधि युरोंत नाहीं. पंगत मांडल्यावर दाराबाहेर कोण उभा आहे, हें पाहण्यास ते लोक हळूहळू शिकत आहेत. तेवढें आपणही शिकलों, तर आपल्या घरांतील परदेशगमनाच्या चर्चेंत 'खर्च कोण करणार?' या प्रश्नापाठोपाठ 'आणि शेजारच्या मुलाचें काय?' हा दुसराही प्रश्न कोणीतरी विचारील.