श्वास जसा आहे तसा

ध्यान म्हटलं की पद्मासन, उदबत्ती आणि मिटल्या डोळ्यांपुढे एखादी मूर्ती, असं चित्र उभं राहतं. बुद्धाच्या आनापानात यातलं काहीच लागत नाही. आत येणारा आणि बाहेर जाणारा श्वास नुसता जाणायचा. मज्झिम निकायात यावर स्वतंत्र सुत्तच आहे. श्वास लांबवायचा नाही, रोखायचा नाही, म्हणजे हा प्राणायाम नव्हे. इगतपुरीच्या धम्मगिरीवर सत्यनारायण गोएंका यांच्या परंपरेतल्या १० दिवसांच्या शिबिरात पहिले तीन दिवस एवढंच चालतं. पहाटे ४ ला घंटा, मग दिवसभर मौन. चौथ्या दिवशी विपश्यना, म्हणजे शरीरातल्या संवेदना तटस्थपणे पाहण्याचा सराव, सुरू होते.

इथे एक शब्द नीट समजून घ्यावा लागतो. मराठीत ‘वेदना’ म्हणजे दुखणं. पालीत मात्र सुखद, दुःखद आणि दोन्ही नसलेली, अशी कोणतीही संवेदना. वेदनेतून तृष्णा, म्हणजे हवं-नकोची ओढ, उपजते, असं बुद्ध सांगतो. साहेबांचा शब्द लागतो, कानशिलं तापतात आणि तोंडातून उलट उत्तर निघून जातं. कानशिलं तापली हे वेळीच कळलं, तर उत्तर थोडं थांबू शकतं. सगळा सराव त्या क्षणापुरता आहे. राग येतच नाही, असं सांगणाऱ्यांवर मी तरी विश्वास ठेवत नाही.

शिबिराला शुल्क नसतं. मानसिक आजारावर उपचार सुरू असतील, तर आधी डॉक्टरांना विचारा आणि नाव नोंदवताना ते लपवू नका.