गोल्फ क्लबचा शाफ्ट घरी वाढवताना

माप : ड्रायव्हर साधारण 45 इंच, 7 नंबरचे आयर्न 37 इंच.

नियम : किमान 18, कमाल 48 इंच. पटरला कमाल मर्यादा नाही. 2022 पासून वरच्या दर्जाच्या स्पर्धांत आयोजक 46 इंचांची अट घालू शकतात.

सांधा : ग्रिप काढायची. शाफ्टचे वरचे तोंड आतून सँडपेपरने खरबरीत करून स्पिरिटने पुसायचे, मग जोडतुकडा इपॉक्सी लावून घट्ट बसवायचा. बाहेर आलेले इपॉक्सी लगेच पुसा. वाळलेला गोळा ग्रिपखाली हाताला टोचतो. ग्रॅफाइटवर हातोडा नको, तोंड चिरते.

थंडी : सौंसरकडच्या डिसेंबरच्या रात्री इपॉक्सी सावकाश धरते. 24 तास थांबा.

वजन : अर्ध्या इंचाने स्विंगवेट सुमारे 3 अंकांनी चढते.

एका इंचापलीकडे वाढवायचे तर नवा शाफ्टच घ्यावा.